तेहरानचे लांबचे कॉम्रेड

कोरा कागद | शनि, ०८/०६/२०२४ - २१:४०

निवडणूक निकालांच्या धाग्यांनी मुखपृष्ठ भरलंय, त्यात हा विषय कोण उघडेल देव जाणे. पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहितो.

१९ मे रोजी इराणचे अध्यक्ष इब्राहिम रईसींचं हेलिकॉप्टर कोसळलं. आपल्या सरकारनेही २१ तारखेला एक दिवसाचा दुखवटा पाळला. मला कुतूहल वाटलं ते काराकास, मनाग्वा आणि हवाना, म्हणजे व्हेनेझुएला, निकाराग्वा आणि क्युबाच्या राजधान्यांतून आलेल्या शोकसंदेशांचं. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मादुरो, ओर्तेगा, दियाझ-कानेल. बोलिव्हार, सँडिनो आणि मार्क्स यांची नावं घेऊन राजकारण करणारी ही मंडळी एका शिया धर्मगुरूसाठी हळहळत होती. ती हळहळ अगदीच खोटी नसावी. आदल्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, रईसी या तिन्ही राजधान्यांत पाहुणचार घेऊन आले होते.

आता दुसरं टोक बघा. १९८८च्या उन्हाळ्यात इराणच्या तुरुंगांत हजारो राजकीय कैद्यांना फाशी दिली गेली. बहुतेक जण मुजाहिदीन-ए-खल्क या राजवटविरोधी संघटनेचे होते, पण तुदेह (इराणचा कम्युनिस्ट पक्ष) आणि फिदाइन या डाव्या पक्षांचेही शेकडो होते. तेहरानमध्ये कोणाला फासावर चढवायचं ते ठरवणाऱ्या मंडळात तरुण रईसी होते, असं मानवी हक्क संघटना आणि त्यातून वाचलेले कैदी सांगत आले आहेत.

घरच्या कम्युनिस्टाला फास, परदेशातल्या कम्युनिस्टाला लाल गालिचा. दुटप्पीपणा म्हणून सोडून देता येईल, पण मला यात सरळ हिशोब दिसतो. घरचा डावा कारखान्यात युनियन काढतो, विद्यापीठात पत्रकं वाटतो, क्रांतीत आमचाही वाटा होता असं म्हणतो. काराकासचा डावा यातलं काहीच करत नाही. तो येतो, हार घालून घेतो, करारावर सही करतो आणि विमानात बसतो. मधे अटलांटिक आहे म्हणून ही मैत्री टिकली, असं माझं मत आहे.

थोडा इतिहास.

इराण आणि व्हेनेझुएला यांची ओळख १९७९च्या इराणी क्रांतीच्या आधीची आहे. सप्टेंबर १९६० मध्ये बगदादला ओपेक स्थापन झाली तेव्हाचे पाच सदस्य म्हणजे इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला. तेव्हा इराणात शाह होता आणि व्हेनेझुएलात अमेरिकेशी बरं असलेलं लोकशाही सरकार. म्हणजे तेलाचं नातं जुनं, क्रांतीचं नंतरचं.

क्युबाची गोष्ट याहून मजेदार आहे. १९७६ मध्ये शाहने क्युबाशी राजनैतिक संबंध तोडले. कारण काय, तर फिडेल कॅस्ट्रो तुदेहच्या नेत्याला भेटले. १९७९ला शाह गेला, संबंध पुन्हा जुळले. आणि १९८३ मध्ये ज्या तुदेहपायी हे सगळं झालं, तो पक्ष खोमेनींच्या राजवटीने मोडून काढला. पक्षाचे सरचिटणीस नूरुद्दीन कियानुरी यांना दूरचित्रवाणीवर बसवून सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याची कबुली द्यायला लावली. अठरा सोव्हिएत मुत्सद्द्यांना देशाबाहेर काढलं. तुदेहने चार वर्षं खोमेनींना पाठिंबा दिला होता, हे विसरू नका. हवानाचा तेहरानमधला दूतावास मात्र चालूच राहिला.

१९७९ हे वर्षच विलक्षण होतं. फेब्रुवारीत तेहरान पडलं, जुलैत मनाग्वामध्ये सँडिनिस्टा, म्हणजे ओर्तेगांचे डावे बंडखोर, घुसले, सप्टेंबरात हवानाला अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली आणि इराण त्या चळवळीत दाखल झाला. इराणची घोषणा होती ‘ना पूर्व, ना पश्चिम’. घोषणेप्रमाणे वागायचं तर हवाना वर्ज्य व्हायला हवं होतं, कारण हवाना तर पूर्वेच्या छावणीत पुरतं बसलेलं. पण ‘पूर्व’ म्हणजे शेजारी लाल सैन्य घेऊन बसलेला सोव्हिएत संघ, कॅरिबियन समुद्रातलं बेट नव्हे, असा सोयीचा अर्थ लावला गेला. जानेवारी १९८९ मध्ये खोमेनींनी गोर्बाचेव्हना पत्र पाठवून कळवलं की कम्युनिझम आता इतिहासाच्या संग्रहालयात शोधावा लागेल, तुम्ही इस्लामचा अभ्यास करा. असं पत्र कॅस्ट्रोंना गेल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि इराण-काँट्रा! अमेरिकेने इराणला चोरून शस्त्रं विकली आणि त्या पैशांतून निकाराग्वातल्या सँडिनिस्टाविरोधी काँट्रा बंडखोरांना रसद पोचवली. नोव्हेंबर १९८६ मध्ये लेबनॉनच्या एका साप्ताहिकाने त्यातली शस्त्रविक्री फोडली. म्हणजे तेहरानच्या खजिन्यातला डॉलर फिरून ओर्तेगांच्या सैनिकांवर गोळी होऊन पडत होता. आदल्याच वर्षी इराणचे पंतप्रधान मीर हुसेन मूसावी मनाग्वाला जाऊन बंधुभावाची भाषणं करून आले होते. तेच ओर्तेगा २००७ मध्ये पुन्हा अध्यक्ष झाले तेव्हा काही दिवसांतच इराणचे अध्यक्ष अहमदीनेजाद मनाग्वात हजर. जुना हिशोब कोणी काढला नाही.

मंडळी, मतं येऊ द्यात.

---

तर्कटी | शनि, ०८/०६/२०२४ - २२:०५

शत्रूचा शत्रू तो आपला मित्र. विषय संपला. एवढी जिलबी कशाला?

---

बोरिवली लोकल | शनि, ०८/०६/२०२४ - २२:३१

वाचतोय. निकालाच्या धाग्यांतून सुटका केल्याबद्दल आधी धन्यवाद. इराण-काँट्राचं नाव ऐकलं होतं, काँट्रा म्हणजे कोण हे आज कळलं.

---

जुना कामगार | रवि, ०९/०६/२०२४ - ०८:१५

कोरा कागद, लिहिलंय चांगलं, पण तुमचा सूर आजच्या खुर्चीत बसून लावलेला आहे.

सत्तरच्या दशकात पुण्यात इराणी विद्यार्थी पुष्कळ होते. त्यांच्यात शाहविरोधी डावी पोरंही होती. आमच्या युनियनच्या ऑफिसात ती यायची, चहा प्यायची, इराणचे जुने पंतप्रधान मोसादेक यांचं नाव निघालं की डोळ्यांत पाणी आणायची. १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या हेरखात्यांनी मोसादेकना पाडलं, कारण त्यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. १९५४ला ग्वाटेमालात आर्बेन्झ, १९७३ला चिलीत आयेंदे. या तिन्ही गोष्टी आमच्या अभ्यासमंडळात एकाच बैठकीत सांगितल्या जायच्या. तेव्हा तेहरान आणि हवाना जवळ येण्यात कोणालाच नवल वाटलं नाही. दोघांच्याही डोक्यात एकच भीती: उद्या आपला मोसादेक होईल.

१९८३च्या दिल्लीच्या अलिप्त परिषदेबद्दलही सांगतो. ती मुळात बगदादला व्हायची होती. इराण-इराक युद्ध पेटलेलं, इराणचा बगदादला विरोध, म्हणून ती दिल्लीला आली. मावळते अध्यक्ष कॅस्ट्रो. त्यांनी इंदिराबाईंना भर सभेत मिठी मारली ते छायाचित्र सगळ्यांना आठवतं, पण परिषद दिल्लीत का होती हे कोणाला आठवत नाही. क्युबाने त्या युद्धात मध्यस्थीचा प्रयत्नही केला होता. जमला नाही, ती गोष्ट वेगळी.

तुदेहचं म्हणाल तर दुःख आहेच. जे आमच्याकडे चहा प्यायला यायचे त्यातले दोघं क्रांतीनंतर हौसेने परत गेले. पुढे पत्रं बंद झाली.

---

कोरा कागद | रवि, ०९/०६/२०२४ - १०:५०

@ जुना कामगार, ही माहिती मूळ लेखात हवी होती. मोसादेकचा मुद्दा पूर्ण मान्य. फक्त एक: १९५३ची आठवण इराणातल्या डाव्यांचीही होती. राजवटीने आठवण ठेवून घेतली आणि आठवण ठेवणारे घालवले.

@ तर्कटी, शत्रूचा शत्रू एवढंच सूत्र असतं तर ब्राझीलचं काय करायचं? तिथले अध्यक्ष लुला काही अमेरिकेचे शत्रू नव्हते. तरी १७ मे २०१० रोजी ते आणि तुर्कीचे एर्दोआन तेहरानला बसून अणुइंधनाचा करार घडवून आले. इराणने १२०० किलो कमी समृद्ध युरेनियम तुर्कीत ठेवायचं आणि बदल्यात तेहरानच्या संशोधन अणुभट्टीसाठी १२० किलो इंधन घ्यायचं. अमेरिकेने तो कागद बाजूला सारला आणि ९ जूनला सुरक्षा परिषदेत ठराव १९२९ मंजूर करून घेतला. विरोधात दोनच मतं पडली, ब्राझील आणि तुर्कीची. लुलांना यात काय मिळवायचं होतं? मोठ्यांच्या टेबलावर खुर्ची. इराणला हवी होती ती ‘आम्ही एकटे नाही’ अशी नोंद. इथे शत्रू-मित्रापेक्षा दोघांची गरज वेगवेगळी होती, आणि तरी काम झालं.

---

तर्कटी | रवि, ०९/०६/२०२४ - ११:२०

काम झालं कुठे? तुम्हीच म्हणताय ठराव मंजूर झाला. :)

---

रानजाई | रवि, ०९/०६/२०२४ - १५:४४

ब्राझीलचा विषय निघालाच आहे तर सकीने मोहम्मदी आश्तियानीची आठवण करून देते. व्यभिचाराच्या आरोपावरून तिला दगडांनी ठेचून मारायची शिक्षा झाली होती. त्याच २०१० साली लुलांनी जाहीरपणे सांगितलं की तिला आमच्याकडे पाठवा, आम्ही आश्रय देतो. तेहरानचं उत्तर साधारण असं होतं की लुला फार हळव्या मनाचे आहेत, त्यांना पूर्ण माहिती नसावी. पाहुण्याने घरातल्या भांडणात बोलायचं नाही, हा नियम त्या दिवशी कळला. लुलांनंतरच्या अध्यक्ष दिल्मा रूसेफ स्वतः लष्करी राजवटीत तुरुंगात छळ सोसलेल्या. त्या निवडून आल्या आणि ब्राझीलचा इराणबद्दलचा उमाळा लगेच ओसरला.

आणि चे गव्हाराच्या मुलीचा किस्सा कोणी कसा लिहिला नाही? २००७ मध्ये चेच्या मृत्यूला चाळीस वर्षं झाली म्हणून तेहरान विद्यापीठात कार्यक्रम ठेवला होता. आलेइदा आणि कामिलो या चेच्या मुलांना मुद्दाम बोलावलं. कार्यक्रमाचं नावच ‘चे, चमरानसारखा’. मुस्तफा चमरान म्हणजे १९८१ मध्ये इराकच्या आघाडीवर मारले गेलेले माजी संरक्षणमंत्री, कट्टर धार्मिक. एका इराणी वक्त्याने भाषणात सांगून टाकलं की चे देव मानणारा होता आणि त्याला कम्युनिझमचा तिटकारा होता. आलेइदाबाई उठल्या. माझ्या वडिलांनी देवाबद्दल कधी काही म्हटलेलं नाही आणि ते शेवटपर्यंत कम्युनिस्टच होते, असं भर सभेत सुनावलं. यजमानांची काय अवस्था झाली असेल!

कोरा कागद म्हणतात तो लांबचा पाहुणासुद्धा चालायला हवा असेल तर त्याला आधी थोडा धुऊन घ्यावा लागतो, असं मी त्यात भर घालीन. चे हवा, पण त्याच्या टोपीवरचा तारा नको.

अजून एक बोचणारी गोष्ट. त्याच २००७च्या जुलैत तेहरानच्या बसचालकांच्या संघटनेचे नेते मन्सूर ओसान्लू यांना पकडून तुरुंगात टाकलं. गुन्हा काय, तर सरकारी चौकटीबाहेर स्वतंत्र युनियन चालवणं. जगभरच्या कामगार संघटनांनी निषेध केला. त्या वर्षी व्हेनेझुएलाचे अध्यक्ष चावेझ आणि अहमदीनेजाद एकमेकांना भाऊ म्हणत फिरत होते. २००९ला निवडणूक निकालाविरुद्ध तेहरानचे रस्ते भरले तेव्हा चावेझनी अहमदीनेजादना विजयाबद्दल अभिनंदन कळवलं, आणि आंदोलन म्हणजे बाहेरच्यांचा डाव असं म्हटलं.

---

जुना कामगार | रवि, ०९/०६/२०२४ - १७:०२

ओसान्लूचा मुद्दा झोंबला. झोंबायलाच हवा.

---

तेलकट | रवि, ०९/०६/२०२४ - २१:१८

रिफायनरीत आयुष्य गेलं, म्हणून भाषणं आणि पुतळे सोडून माझ्या कामाचं बोलतो. तुम्ही सगळे विचारसरणीवर चर्चा करताय, पण या मैत्रीची खरी गोष्ट पेट्रोलची आहे आणि ती अकरा वर्षांत उलटी फिरली.

२००९: इराणकडे कच्चं तेल भरपूर, पण ते शुद्ध करायची क्षमता अपुरी, म्हणून पेट्रोल आयात. जून २००७ मध्ये शिधापत्रकासारखं कार्डावर पेट्रोल द्यायला लागले तेव्हा तेहरानमध्ये लोकांनी पंप जाळले होते. अमेरिका हीच नस दाबणार हे दिसत होतं. सप्टेंबर २००९ मध्ये चावेझ तेहरानला गेले आणि जाहीर केलं की व्हेनेझुएला इराणला रोज २०,००० बॅरल पेट्रोल देईल. प्रत्यक्षात गेलं किती? मे २०११ मध्ये अमेरिकेने व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीवर म्हणजे पेदेवेसावर निर्बंध लावले ते डिसेंबर २०१० ते मार्च २०११ मधल्या दोन खेपांसाठी. किंमत सुमारे पाच कोटी डॉलर. घोषणा बघा, पुरवठा बघा.

२०२०: आता पेट्रोल नाही ते व्हेनेझुएलाकडे. जगातले सर्वांत मोठे सिद्ध तेलसाठे ज्या देशाकडे, तिथे पंपांवर दिवसदिवसभर रांगा. असं का? २००२-०३च्या संपानंतर चावेझनी पेदेवेसातले सुमारे १८,००० लोक काढून टाकले. त्यांत आमच्यासारखे बोल्ट कुठला किती आवळायचा हे माहीत असलेले लोक होते. रिफायनरीचं ज्ञान माणसांच्या हातात असतं, ते काढून टाकलं की संयंत्र हळूहळू मरतं. पुढे देखभाल नाही, सुटे भाग नाहीत, आणि जानेवारी २०१९ला पेदेवेसावर अमेरिकेचे कडक निर्बंध. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको पट्ट्याचं तेल डांबरासारखं जड असतं. त्यात नाफ्था किंवा कंडेन्सेट मिसळल्याशिवाय ते नळातून धड वाहत नाही, आणि हा पातळ माल अमेरिकेतून यायचा. तोही थांबला.

इराणने मात्र २०१० नंतर निर्बंधांच्या तडाख्यात पेट्रोलवर जोर लावला. बंदर अब्बासला ‘पर्शियन गल्फ स्टार’ रिफायनरी उभारली. ती कंडेन्सेटवर चालते आणि पेट्रोल भरपूर काढते. त्यात कोविडमुळे मागणी घटलेली, म्हणजे शिल्लक माल. मग एप्रिल २०२० मध्ये इराणच्या महान एअरची विमानं व्हेनेझुएलातल्या पाराग्वाना द्वीपकल्पावरच्या विमानतळावर उतरू लागली. त्यात रिफायनरीसाठी उत्प्रेरक आणि यंत्रसामग्री होती. मे महिन्यात टँकर आले. २०२१ मध्ये कंडेन्सेट देऊन व्हेनेझुएलाचं जड तेल घ्यायची अदलाबदल सुरू झाली. मे २०२२ला एल पालितो रिफायनरी दुरुस्त करायचं कंत्राट, ११ कोटी युरोंचं.

निर्बंधांखाली यंत्र चालू कसं ठेवायचं हे शिकलेला देश ते दुसऱ्याला शिकवतोय. यात मार्क्सही नाही आणि इमामही नाही. मला व्यक्तिशः त्या इराणी फिटरांबद्दल आदर वाटतो.

आपल्याकडचा दुवा: जामनगर आणि वाडीनारच्या रिफायनऱ्या हे जड तेल पचवू शकतात, म्हणून व्हेनेझुएलाचं तेल वर्षानुवर्षं तिकडे यायचं. इराणी तेलाचे पैसे २०१२ पासून युको बँकेत रुपयांत जमा व्हायचे आणि त्यातून आपला तांदूळ, चहा, औषधं इराणला जायची. मे २०१९ नंतर इराणी तेल बंद. तेव्हा निर्बंधांतून वाट काढायची कला आपल्याकडे नाही असं कोणी समजू नये. फरक एवढाच की आपण भाऊ-भाऊ म्हणत नाही, बिल विचारतो.

---

दर्यावर्दी | सोम, १०/०६/२०२४ - ०६:३०

तेलकट यांच्या प्रतिसादात टँकर एका वाक्यात येऊन गेले, म्हणून मी उतरतो. जहाजांवर काढलेल्या वर्षांची सवय आहे, बातमी वाचली की आधी मार्ग बघतो.

फॉर्च्यून, फॉरेस्ट, पेट्युनिया, फॅक्सन, क्लाव्हेल. पाच जहाजं, मिळून सुमारे १५ लाख बॅरल इंधन. सुएझ कालवा, भूमध्य समुद्र, जिब्राल्टर आणि मग अटलांटिक. इराणी टँकर एरवी ओळख सांगणारा ट्रान्सपाँडर बंद करून, रात्री समुद्रात दुसऱ्या जहाजात माल ओतून धंदा करतात. या पाच जणांनी तो चालू ठेवला. इराणी झेंडा लावून, सगळ्या जगाला स्क्रीनवर दिसतील असे निघाले. कॅरिबियनमध्ये तेव्हा अमेरिकेच्या युद्धनौका होत्या. व्हेनेझुएलाच्या हद्दीत शिरल्यावर त्यांच्या नौदलाने आणि विमानांनी सोबत केली. २५ मेच्या सुमारास फॉर्च्यून एल पालितोला लागलं. त्या जहाजावरच्या खलाशांचा विचार करा. एका बाजूला क्रांती, दुसऱ्या बाजूला साम्राज्यवाद, आणि यांच्या पायाखाली लाखो बॅरल पेट्रोल.

पुढच्या खेपेला हे जमलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये चार टँकरांवरचं सुमारे ११ लाख बॅरल इंधन अमेरिकेने जप्त केलं. ती जहाजं इराणी झेंड्याची नव्हती, त्यांच्या मालकांना कायद्याने धाक दाखवता आला. झेंड्याने पडलेला फरक हा.

---

बोरिवली लोकल | सोम, १०/०६/२०२४ - ०९:१२

बापरे, जबरदस्त. एक बाळबोध प्रश्न: हे पेट्रोल फुकट दिलं का? आणि मागे कुठेतरी वाचलं होतं की इराणने तिकडे मोटारींचा कारखाना काढला होता. तो आहे का अजून?

---

कोरा कागद | सोम, १०/०६/२०२४ - १३:३५

तेलकट, दर्यावर्दी, दोघांना दंडवत. हा धागा आता माझा राहिला नाही.

@ बोरिवली लोकल: फुकट नाही. पैसे सोन्यात दिले असा अमेरिकेचा आरोप होता. व्हेनेझुएलाच्या जनतेला मात्र याचा वेगळाच झटका बसला. तिथे पेट्रोल अनेक वर्षं जवळपास फुकट होतं. टँकर आल्यावर १ जून २०२० पासून मादुरोंनी दर लावले, काही पंपांवर तर लिटरला अर्धा डॉलर. म्हणजे समाजवादी सरकारने पेट्रोलची फुकटेगिरी थांबवली ती इस्लामी क्रांतीचं पेट्रोल आल्यावर! दुसरीकडे, सहाच महिने आधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, इराणात पेट्रोल महागलं म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते आणि सुरक्षा दलांनी शेकडो माणसं मारली होती. अहवाझ किंवा शिराझमध्ये ज्याचा भाऊ गेला त्याला मे महिन्यात ती जहाजं अटलांटिकमध्ये बघून काय वाटलं असेल, हे कोणत्याही संयुक्त पत्रकात येत नाही.

मोटारींचं: २००६ साली ‘वेनिराउतो’ नावाने कारखाना काढला, माराकाय शहरात. ‘सेंताउरो’ म्हणजे इराणची समंद आणि ‘तुर्पियाल’ म्हणजे किया प्राइडची इराणी आवृत्ती. ठरवलेल्या संख्येच्या जवळपासही उत्पादन गेलं नाही. सियुदाद बोलिव्हारला ट्रॅक्टरचा कारखाना होता. काराकास-दमास्कस-तेहरान असं विमानही २००७ मध्ये सुरू झालं आणि २०१०ला बंद पडलं. प्रवासी कुठून आणणार? या दोन देशांत एकमेकांकडे जाणारी माणसंच नव्हती, मंत्री सोडून. निर्यातदार नाहीत, विद्यार्थी नाहीत, नातेवाईक नाहीत. तेव्हाची कागदावरची मैत्री आणि २०२०ची गरजेची मैत्री यातला फरक तेलकट यांनी बरोबर पकडलाय.

चावेझ गेले तेव्हाचा प्रसंग सांगायचा राहिला. मार्च २०१३. अहमदीनेजादनी शोकसंदेशात लिहिलं की चावेझ येशू आणि इमाम महदी (शिया श्रद्धेनुसार परत येणारे इमाम) यांच्यासह परत येतील. झालं! कुम या धर्मनगरीतले धर्मगुरू खवळले, हे बोलायचा अधिकार यांना कोणी दिला म्हणून. त्यात अंत्यविधीला चावेझच्या वृद्ध आईला धीर देताना अहमदीनेजादनी तिचे हात हातात घेतले, गालाला गाल लागला, आणि परस्त्रीला स्पर्श केला म्हणून पुन्हा गदारोळ. शोक करणाऱ्या म्हातारीला जवळ घेणं हे दोन क्रांत्यांमधलं एकमेव नैसर्गिक कृत्य असावं, त्यावरच टीका झाली.

---

आडवाटेचा | सोम, १०/०६/२०२४ - २३:०८

अर्जेंटिना राहिली. तिथे हे सगळं हसण्यावारी नेता येत नाही.

१८ जुलै १९९४, ब्युनोस आयर्स. ‘आमिया’ या ज्यू संस्थेच्या इमारतीवर बॉम्बहल्ला, ८५ मृत्यू. अर्जेंटिनाच्या सरकारी वकिलांनी २००६ मध्ये माजी इराणी अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले, २००७ला इंटरपोलने काही जणांविरुद्ध रेड नोटीस काढल्या. इराण आरोप नाकारतो. गंमत अशी की अर्जेंटिनात तेव्हा किर्शनर दांपत्याचं डावीकडे झुकलेलं सरकार आणि चावेझ त्यांचे जिवलग. एक मित्र दुसऱ्या मित्राच्या आरोपीला मिठी मारतोय.

मे २०११ मध्ये ते अंगाशी आलं. बोलिव्हियात सांताक्रूझजवळ लष्करी शाळेचं उद्घाटन होतं, मोरालेस सरकारने इराणचे संरक्षणमंत्री अहमद वाहिदींना बोलावलं. रेड नोटीस असलेल्यांत वाहिदींचं नाव होतं! अर्जेंटिनाने आरडाओरडा केला. बोलिव्हियाने लेखी माफी मागितली आणि पाहुण्याला तडकाफडकी देशाबाहेर जायला सांगितलं. कोरा कागद यांच्या सिद्धांताला इथे पाचर बसते बघा. लांबचा मित्र चालतो, पण तुमच्या शेजाऱ्याचा तो लांबचा नसला तर?

पुढे जानेवारी २०१३ मध्ये क्रिस्टिना किर्शनर यांच्या सरकारने इराणशी संयुक्त ‘सत्यशोधन आयोगा’चा करार केला, अदिस अबाबाला. इराणच्या संसदेने तो मंजूर केलाच नाही, अर्जेंटिनाच्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. त्या प्रकरणात क्रिस्टिनांवर आरोप करणारे सरकारी वकील अल्बेर्तो निस्मान जानेवारी २०१५ मध्ये घरात मृतावस्थेत सापडले. वाहिदी २०२१ ते २०२४ इराणचे गृहमंत्री होते. एप्रिल २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या वरिष्ठ न्यायालयाने हल्ल्याची जबाबदारी इराणवर टाकली आणि सरकारने वाहिदींच्या अटकेची मागणी पुन्हा केली.

---

तर्कटी | सोम, १०/०६/२०२४ - २३:४०

यावर मात्र विनोद सुचत नाही.

---

संपादक मंडळ | मंगळ, ११/०६/२०२४ - ०९:००

पॅलेस्टाइन आणि देशांतर्गत राजकारणावर आलेले काही वैयक्तिक शेरे काढले आहेत. चर्चा विषयाला धरून चालू द्यावी.

---

रानजाई | मंगळ, ११/०६/२०२४ - १४:२७

सगळं काळंच दिसू नये म्हणून एक. जानेवारी २०२१ मध्ये खामेनेईंनी अमेरिकन आणि ब्रिटिश कोविड लशींवर बंदी घातली. लोक मरत असताना घातलेली ती बंदी क्रूर होती, याबद्दल मला शंका नाही. पण त्याच महिन्यात इराणची पाश्चर संस्था आणि हवानाची फिनले संस्था यांचा करार झाला. क्युबाची ‘सोबेराना २’ लस, तिची मोठी चाचणी इराणात, सुमारे २४,००० स्वयंसेवकांवर. इराणात तिला ‘पास्तोकोव्हॅक’ म्हणतात. दोन निर्बंधग्रस्त देशांनी स्वतःची लस सिद्ध करून वापरली. क्युबाने त्याआधीही हेपटायटिस-बीच्या लशीचं तंत्रज्ञान इराणला दिलेलं होतं. ट्रॅक्टरच्या कारखान्याला हसतो तर हेही नोंदवायला हवं.

---

तेलकट | मंगळ, ११/०६/२०२४ - १९:५५

+१. जिथे दोन्हीकडे काम जाणणारे लोक होते तिथे काहीतरी उभं राहिलं. बाकी फिती कापणं.

---

बोरिवली लोकल | मंगळ, ११/०६/२०२४ - २०:१०

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. निकाराग्वाला काय मिळालं? एवढा गोळीबार सोसून?

---

कोरा कागद | मंगळ, ११/०६/२०२४ - २२:४८

@ आडवाटेचा, पाचर बसली हे खरं. यावर मी एवढंच म्हणीन की बोलिव्हियाने निवड करताना क्षणभरही घोळ घातला नाही. ब्युनोस आयर्सला तेव्हा बोलिव्हियाचा नैसर्गिक वायू जायचा, बोलिव्हियाची लाखो माणसं तिथे कामाला आहेत. तेहरानशी असं काहीच नव्हतं. अंतर मैत्रीला पोसतं तसं ती मोडणंही स्वस्त करतं.

@ बोरिवली लोकल: २००७ मध्ये इराणने निकाराग्वाला कॅरिबियन किनाऱ्यावर खोल पाण्याचं बंदर बांधायला मदत करायचं कबूल केलं, साधारण ३५ कोटी डॉलरचं, शिवाय १०,००० घरं. बंदर झालं नाही. ओर्तेगांनी ऐंशीच्या दशकातल्या तेलाचं कर्ज माफ करायची विनंती केली, तीही इराणने मान्य केली नाही. मग २०१३ला ओर्तेगा सरकारने चिनी उद्योजकाला दोन महासागर जोडणाऱ्या कालव्याचा पन्नास वर्षांचा मक्ता दिला. कालव्याला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर लाठ्या-गोळ्या चालल्या. तो मक्ता निकाराग्वाच्या संसदेने मे २०२४ मध्ये रद्द केला. तिथल्या क्रांतीतले ओर्तेगांचे जुने साथीदारही, दोरा मारिया तेयेससारखे, आधी तुरुंगात आणि मग २०२३ला नागरिकत्व काढून घेऊन विमानाने अमेरिकेत पाठवलेले. त्यानंतर चारच महिन्यांनी रईसी मनाग्वाला उतरले.

---

जुना कामगार | बुध, १२/०६/२०२४ - ०७:४०

दोरा मारिया तेयेस म्हणजे १९७८ मध्ये मनाग्वाच्या ‘राष्ट्रीय प्रासादा’वर, म्हणजे तेव्हाच्या संसदेच्या इमारतीवर, धाड घालणारी ‘कमांडर दोन’. आमच्या भिंतीवर तिचा फोटो होता.

कोरा कागद, तिच्यावर आणि त्या बाकीच्यांवर वेगळा धागा काढा. तेहरान वगैरे राहू द्या.